घरातील पडदा आणि मुलांचे वाचन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हा विषय चिटणीसांनी सुचविला. तो ऐकून मला आनंद व्हावयास हवा होता. परंतु खरे सांगावयाचे तर थोडी लाजच वाटली. ती का, हे ओघाने येईलच.

पडद्याचे वेड आजचे नव्हे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. घाटकोपरच्या आमच्या चाळीत पहिला संच त्यानंतर काही वर्षांनी आला. ‘छायागीत’ आणि रविवारचा चित्रपट पाहावयास त्या एका खोलीत आम्ही तीस-चाळीस माणसे दाटीवाटीने बसत असू. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. त्याही काळी शिक्षक मंडळी म्हणतच होती की, आता मुले वाचणार नाहीत. परंतु त्या पडद्यास शेवट होता. कार्यक्रम संपे, संच बंद होई, आणि उरलेल्या वेळात मूल कंटाळून का होईना, ‘चांदोबा’ किंवा ‘किशोर’ हाती घेई. आजच्या मोबाईलवर एक चित्र संपते न संपते तोच दुसरे आपोआप सुरू होते. मुलास कंटाळा येण्यास वावच उरत नाही. आणि माझा अनुभव असा की, पुष्कळ मुले प्रथम कंटाळ्यापोटीच पुस्तकाकडे वळतात.

येथे मी आईबापांस दोष देत नाही. मुलुंड-बोरिवलीकडची बहुतेक बिऱ्हाडे एका खोलीची आणि स्वयंपाकघराची. दूरचित्रवाणीचा संच मधोमध. त्याचा आवाज पोहोचत नाही असा कोपरा घरात सापडावयाचा नाही. आईवडील सकाळी आठाच्या गाडीला लोंबकळत जातात आणि रात्री आठ-साडेआठला थकून परततात. पोळ्या होईपर्यंत मूल शांत बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. पुढे २०२० सालच्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलमध्ये शिरली, आणि ज्या वस्तूस आपण ‘नको’ म्हणत होतो तीच ‘अभ्यासाला घे’ म्हणून आपण मुलांच्या हाती दिली. दोन वर्षांखालील मुलास पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. सांगणे योग्यच आहे. पण त्या तासानंतर मुलाने काय करावे, हे ज्याचे त्याने घरात ठरवावयाचे असते.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझा नातू नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात शिकणारा. मराठी उत्तम बोलतो. वाचताना मात्र जोडाक्षर आले की अडखळतो. एके दिवशी त्याच्या दिवंगत आजीने लिहून ठेवलेली पदार्थांची वही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याला चार ओळीही धड वाचता येईनात. मी संतापलो, हातातला मोबाईल हिसकावून कपाटात ठेवला आणि त्याच्यापुढे एक संस्कारकथांचे पुस्तक आपटले. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पुस्तकही जेथे आपटले होते तेथेच होते. अखेर सूनबाई अदबीने म्हणाली, “बाबा, तुम्हीसुद्धा सात ते दहा मालिकाच बघता. तो कोणाचं बघून वाचेल?” चाळीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेल्या मजकडे या प्रश्नास उत्तर नव्हते.

मार्ग सापडला तोही पडद्यामुळेच. २०१७ सालचा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट नातवाने मोबाईलवर पाहिला. हा बनेश फेणे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतून आला आहे, हे मी त्यास सहज बोललो. “म्हणजे अजून गोष्टी आहेत?” असे त्याने विचारले. दुसऱ्याच दिवशी पुस्तक आणले. रात्री जेवणानंतर अर्धा तास संच बंद. एक पान मी मोठ्याने वाचावयाचे, एक त्याने. तो अडला तर मी शब्द सांगून पुढे जाई. चूक काढीत नसे. (माझ्यासारख्या शिक्षकास हे किती जड जाते, ते माझे व्यवसायबंधू जाणतील.) आणि गोष्ट ऐन रंगात आली की मी मुद्दाम थांबे. पहिले दहा-बारा दिवस तो केवळ ऐकावयास बसला. नंतर एके रात्री पाहतो, तर गडी पांघरुणात पुस्तक घेऊन पुढचे पान स्वतःच जुळवीत होता. त्याचा मोबाईल सुटलेला नाही. पण आजीच्या वहीतील थालीपिठाचे पान त्याने परवा आईस वाचून दाखविले, ‘थालीपीठ’ हा शब्द दोनदा चुकून.

आता लाज वाटण्याचे दुसरे कारण. शाळेत असताना ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे मजकडे होती. एखादे पुस्तक हिशेबात कमी भरले तर वरिष्ठांस जबाब द्यावा लागेल, या धास्तीने मी ते कपाट तपासणीच्या दिवसाखेरीज क्वचितच उघडले. मुले काचेतून पुस्तकांची पाठ पाहत. निवृत्तीच्या दिवशी एकही पुस्तक कमी न भरता मी किल्ली सुपूर्द केली, आणि त्याबद्दल माझे कौतुक झाले. आज ते कौतुक आठवले की मान खाली जाते.

म्हणून नाशिकच्या एका उपक्रमाकडे मी मंडळाचे लक्ष वेधू इच्छितो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे श्री. विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यावयाची. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची. वाचकाने ग्रंथालयात जावयाचे नाही, ग्रंथच त्याच्या वस्तीत येतो. उपनगरांत ग्रंथालये नाहीत असे नाही. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. परंतु रात्री साडेआठला घरी येणाऱ्या बापास मुलाचा हात धरून तेथे जाणे जमत नाही.

आपले सभासद अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड असे विखुरलेले आहेत. गुणगौरव समारंभात दरवर्षी आपण मुलांस स्मृतिचिन्हे देतो. ती फडताळावर धूळ खातात. एक वर्ष तो खर्च वाचवून चार पेट्या कराव्यात, चारही उपनगरांत एकेका घरी ठेवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी फिरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पुस्तके आपण वडीलधाऱ्यांनी निवडू नयेत. मुलांस दुकानात नेऊन त्यांच्या पसंतीने घ्यावीत. चित्रांची, भुताखेतांची, हेरांची असली तरी चालतील. काही पुस्तके फाटतील, काही परत येणार नाहीत. तो तोटा मंडळाच्या वार्षिक हिशेबात ‘वाचन’ या सदराखाली खुशाल दाखवावा.

कार्यकारी मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होईल. तूर्त मी माझ्या घरची पंचवीस पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत घालून आणली आहेत. ती सभागृहाच्या दाराशी, चपलांच्या मांडणीशेजारी ठेवली आहे. वर एक वही आणि पेन्सिल आहे. पंगत बसण्यापूर्वी ज्या मुलास जे आवडेल ते त्याने न्यावे. वहीत नाव मात्र मुलाने स्वतःच्या हाताने, मराठीत लिहावे.