देखरेख हवी, पहारा नको

(वरठी येथे पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

धानाचा हमीभाव आणि कंत्राटी कामगारांची स्थिती असे विषय कार्यक्रमपत्रिकेवर असताना मी शाळेतील विद्यार्थी-मंडळांच्या इन्स्टाग्राम खात्यांवर बोलणार, हे वाचून काही ज्येष्ठ साथींच्या कपाळावर आठ्या पडल्या. हा शहरी मध्यमवर्गाचा चोचला आहे, असे एकाने मला सांगितलेही. मला तसे वाटत नाही. ज्याच्या हाती साधन त्याच्या हाती सत्ता, हे समाजवाद्यांना नव्याने शिकवावे लागत नाही. आज बोलण्याचे साधन चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती आले आहे. त्याची किल्ली कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणाला जबाब देऊन बाळगावी, हा राजकीय प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगतो. आपल्या भागातील एका माध्यमिक शाळेत पर्यावरण मंडळ आहे. नववी-दहावीच्या मुलांनी मंडळाच्या नावाने एक खाते उघडले. रोपे लावल्याची, पक्ष्यांची, गांडूळखताची छायाचित्रे त्यावर येत. शिक्षक कौतुक करीत आणि संस्थाचालकही स्नेहसंमेलनात त्याचा उल्लेख करीत. एके दिवशी मुलांनी पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे छायाचित्र टाकले. टाकीचे झाकण फुटलेले होते. खाली दोन ओळींत प्रश्न होता, हे केव्हा बदलणार? तासाभरात संस्थेच्या कार्यालयातून दूरध्वनी आला. खाते सांभाळणाऱ्या मुलीला बोलावले गेले, पासवर्ड लिहून घेतला, छायाचित्र काढून टाकले. तिच्या वडिलांना पाळी अर्धवट सोडून शाळेत यावे लागले. खाते ‘पुढील आदेशापर्यंत’ बंद झाले. आठवड्याभरात टाकीला नवे झाकण बसले, तेही गाजावाजा न करता. ती मुलगी मला म्हणाली, “सर, झाकण बसलं. पण आता मंडळात कोणी काही सुचवत नाही.”

शाळेचे नाव मी घेत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. आणि शाळेची बाजूही सांगितली पाहिजे. त्या छायाचित्रात नळापाशी उभ्या असलेल्या पाचवीतील एका मुलीचा चेहरा दिसत होता. गळ्यातील ओळखपत्रावरचे नाव वाचता येत होते. तिच्या आईने हरकत घेतली होती आणि ती हरकत योग्यच होती. म्हणजे त्या एका छायाचित्रात दोन प्रश्न होते. एक लहान मुलीच्या सुरक्षेचा, दुसरा संस्थेच्या अब्रूचा. शाळेने पहिल्या प्रश्नाची ढाल पुढे केली आणि दुसरा प्रश्न निकालात काढला. चेहरा झाकून तेच छायाचित्र पुन्हा टाकता आले असते. तसे कोणी सुचवले नाही. माझे सारे म्हणणे या दोन प्रश्नांच्या सरमिसळीविषयी आहे.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. मुलींच्या छायाचित्रांत फेरफार करून त्यांना धमकावणे, खोटी खाती काढणे, अनोळखी माणसाने मैत्रीचा हात पुढे करणे, हे आता खेड्यांतही घडते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. शाळेच्या आवारातील मुलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर कोणालाही टाळता येत नाही. इन्स्टाग्रामचा स्वतःचा नियमच तेरा वर्षांखालील मुलांना खाते नाकारतो. केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. तेव्हा ‘मुलांना मोकळे सोडा, शाळेने लक्षच घालू नये’ असे मी म्हणणार नाही. तो उदारमतवाद नव्हे, ती बेफिकिरी होईल.

परंतु हाच सुरक्षेचा विचार शासनाच्या मोहिमांच्या वेळी कोठे जातो? २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ आला, झेंड्यासह स्वतःचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवा. २०२४ मध्ये ‘एक पेड माँ के नाम’ आला, रोपासह छायाचित्र चढवा. मुलांचे चेहरे, शाळेचे नाव, गावाचे नाव सारे वर गेले. त्यावेळी किती आयांना विचारले गेले? सत्तेची आरती करणारे छायाचित्र निर्धोक आणि फुटक्या टाकीचे छायाचित्र धोक्याचे, असा न्याय असेल तर तेथे मुलांची काळजी दुय्यम आहे, हे ओळखावे.

मग खाते कोणाचे? येथे तीन प्रकार वेगळे करावे लागतील. शाळेचे अधिकृत खाते हा शाळेचा आवाज आहे. त्यावर काय जावे हे शाळेने ठरवावे. विद्यार्थ्याचे स्वतःचे, घरून चालवलेले खाते हा त्याचा आवाज आहे. तेथे गुंडगिरी, धमकी किंवा कोणाची बदनामी नसेल तर शाळेचा हात पोहोचू नये. विद्यार्थी-मंडळाचे खाते या दोहोंच्या मध्ये उभे आहे. नाव शाळेचे, श्रम मुलांचे. सारा वाद या मधल्या जागेचा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला याच जागेचा शोध घ्यावा लागला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या मुलांना १९६९ मध्ये त्याने संरक्षण दिले. १९८८ मध्ये शाळेच्या खर्चाने निघणाऱ्या विद्यार्थी-वृत्तपत्रावर शैक्षणिक कारणास्तव शाळेचे नियंत्रण मान्य केले. २०२१ मध्ये, सुटीच्या दिवशी शाळेबाहेरून समाजमाध्यमावर राग व्यक्त करणाऱ्या मुलीला शाळेने केलेली शिक्षा चुकीची ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या परंतु धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळातील तीन मुलांना शाळेतून काढणे घटनाबाह्य ठरवले. नागरिकत्व शाळेच्या फाटकापाशी काढून ठेवायची वस्तू नव्हे, एवढा धडा आपल्याला पुरे आहे.

आणि धडा घ्यायला सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरजही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते चालवीत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. मुलांवर गुरुजींची देखरेख नव्हती काय? होती, आणि ती अष्टौप्रहर होती. पण ती मुलांच्या बरोबरीने लिहिणाऱ्या माणसाची देखरेख होती. भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून ‘हे वाक्य असे लिही, हा आकडा तपासून घे’ असे सांगणारा शिक्षक आणि भित्तिपत्रक फाडणारा शिपाई, या दोघांनाही आपण पर्यवेक्षणच म्हणत असू तर शब्दाचा अर्थच उरला नाही.

साथींनो, प्रसिद्धीपूर्व तपासणी काय असते हे आपल्या पिढीने पाहिले आहे. आणीबाणीत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’मधील मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी एके काळचे काँग्रेस समाजवादी, पुढे स्वतंत्र पक्षाचे नेते, म्हणजे अर्थनीतीत आपले कट्टर विरोधक. ते न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरचे आदेश रद्द केले. त्या अंधारातही न्यायालयाने मतभेदाचा हक्क मान्य केला. आज तोच सेन्सॉर शाळेच्या कचेरीत बसतो आणि त्याला ‘शिस्त’ म्हणतात.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर अलीकडचा हिशोब पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर मुंबईच्या बंदविषयी लिहिले, दुसरीने ते आवडल्याचे दर्शवले. दोघींना अटक झाली. ज्या कलमाखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीने एका निनावी तक्रारीनंतर आंबेडकर-पेरियार अभ्यासमंडळाची मान्यता काढून घेतली आणि देशभर निषेध झाल्यावर ती परत दिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाने सहा विद्यार्थ्यांना काढले आणि काही दिवसांतच आदेश मागे घेतला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवरील मजकुरासाठी, तिची बाजू न ऐकता काढून टाकले. मजकूर तिने लगेच काढून माफीही मागितली होती, तरी तिला तुरुंग पाहावा लागला. उच्च न्यायालयाने जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली, तेव्हा तिला परीक्षेला बसता आले. कृती आधी आणि विचार नंतर, हा क्रम या प्रकरणांतून पुन्हा पुन्हा दिसतो.

याचे एक कारण शिक्षकाच्या स्थितीत आहे. २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांवर निर्बंध आले, धोरणांवर टीका नको असे बजावले गेले. खाजगी संस्थेतील तात्पुरत्या शिक्षकाला तर निर्णयाचीही गरज नाही, संस्थाचालकाची भुवई पुरते. जो स्वतः भयभीत आहे तो मुलांना निर्भयता कोठून शिकवणार? म्हणून मुलांच्या स्वातंत्र्याचा लढा आणि शिक्षकाच्या नोकरीच्या शाश्वतीचा लढा हे दोन लढे नाहीत.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुले म्हणतात खाते आमचे, मुख्याध्यापक म्हणतात शाळेचे. वस्तुतः ते कंपनीचे आहे. मुलांचा वेळ आणि लक्ष हा तिचा कच्चा माल, जाहिरातदार तिचे गिऱ्हाईक. मुलाला काय दाखवायचे हे तिचे यंत्र ठरवते आणि त्या यंत्राला कोणी मुख्याध्यापक प्रश्न विचारू शकत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांना बंदी घालून जबाबदारी कंपन्यांवर टाकली. सरसकट बंदी मला पटत नाही. परंतु नियमन बलाढ्य कंपनीचे करायचे, दुबळ्या मुलाचे नव्हे, ही दिशा मात्र बरोबर आहे.

शेवटी, आपल्या तालुक्याला एक आठवण देतो. याच मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. गावाने पाहिले आणि गाव गप्प राहिले. त्या घटनेचे खरे स्वरूप मोठ्या वृत्तपत्रांत यायला कित्येक आठवडे गेले. कार्यकर्त्यांनी धावपळ केली म्हणून ते बाहेर आले. फुटक्या टाकीची आणि त्या हत्याकांडाची तुलना मी करीत नाही, ती करणे अश्लाघ्य होईल. परंतु गप्प बसण्याची सवय लहानपणीच लागते, आणि बोलण्याचीही. शाळेत दोन ओळींचा प्रश्न विचारून शिक्षा झालेले मूल उद्या मोठ्या अन्यायापुढे तोंड उघडील, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून पुढील मागण्या आपण कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडाव्यात:

एक, प्रत्येक शाळेने विद्यार्थी-मंडळांच्या खात्यांसाठी लेखी नियम करावेत, मुलांशी व पालकांशी चर्चा करून.

दोन, पासवर्ड एका मुलापाशी वा एका अधिकाऱ्यापाशी नसावा. एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी मिळून तो सांभाळावा.

तीन, पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही मुलाचा चेहरा, नाव वा इयत्ता प्रसिद्ध होऊ नये. हा नियम शासकीय मोहिमांनाही लागू असावा.

चार, मजकूर काढायचा तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर समितीकडे दाद मागता यावी. ‘शाळेची बदनामी’ हे कारण ग्राह्य नसावे.

पाच, तक्रार करणाऱ्या मुलावर कारवाई होऊ नये.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्यापैकी किती जण त्या बैठकांना जातात? सहीसाठी घरी आलेल्या वहीवर सही करून मोकळे होणारे पालक मीही पाहिले आहेत. माध्यमिक शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत, ते स्नेहसंमेलनाच्या वर्गणीपुरते उरले आहेत. या महिन्याच्या बैठकीला जा, हा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

त्या शाळेच्या टाकीला झाकण बसले आहे. मुलांच्या तोंडावर बसवलेले झाकण काढणे, हे काम आपले आहे.