सरकार कोणाला बांधील?

(देवगाव फाटा येथील कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण)



अर्थव्यवहारात शासनाने किती हात घालावा, हा वाद विद्यापीठांतून वर्षानुवर्षे रंगत आला आहे. सेलू-जिंतूर परिसरातील कापूस उत्पादकाने मात्र त्याची दोन्ही टोके स्वतःच्या पदराला खार लावून अनुभवली आहेत.

१९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. दलालाच्या मनमानीतून शेतकऱ्याला सोडवावे, हा तिचा हेतू निःसंशय पुरोगामी होता. परंतु दलालाच्या जागी प्रतवारी ठरवणारा अधिकारी बसला. चुकारे रखडले आणि दुसरीकडे माल विकण्याची वाट तर कायद्यानेच बंद केलेली! डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्राता म्हणवणाऱ्या राज्यसंस्थेचे हेही रूप समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

२००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली. मग शासन खरोखर बाजूला झाले काय? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले व ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस घरात येण्याच्या ऐन हंगामात परदेशी कापसाला दार मोकळे झाले. हाही शासनाचा हस्तक्षेपच होय. मात्र या वेळी तो वस्त्रोद्योगाच्या मागणीवरून झाला. लहान शासनाचा उपदेश शेतकऱ्याला, आणि शासनाचा आधार कारखानदाराला, असा हा न्याय आहे.

त्याच दशकात महाराष्ट्राने आणखी एक कायदा केला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आकारास आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याच्या अंमलबजावणीत दोष पुष्कळ राहिले. पण तत्त्व मोलाचे होते. मजुराने काम मागावे, ते शासनाने द्यावे, आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. कापसाच्या कायद्याने शेतकऱ्याला शासनाशी बांधले. रोजगार हमीने शासनाला मजुराशी बांधले. शासन दोन्हीकडे मोठेच होते, परंतु एका कायद्याने अधिकाऱ्याचे बळ वाढवले, तर दुसऱ्याने नागरिकाचे.

आज भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते. पण ती खरेदी शेतकऱ्याचा कायदेशीर हक्क नाही. केंद्र केव्हा उघडावे, किती माल घ्यावा, हे वरून ठरते. तेव्हा पक्षाची मागणी नेमकी हवी: हमीभावाने विकण्याचा हक्क असावा, विकण्याची सक्ती नसावी, चुकारा मुदतीत मिळावा, न मिळाल्यास व्याजासह मिळावा, काटा आणि प्रतवारी यांवर उत्पादकांच्या प्रतिनिधींची देखरेख असावी.

अशा मागणीचे बळ ठरावाच्या कागदातून येत नाही. येत्या हंगामात खरेदी केंद्रावरील काट्याशेजारी शेतकऱ्यासोबत पक्षाचा कार्यकर्ता उभा असेल, तरच ते येईल.