रोव्हर्स करंडकाची एक नोंद

(चांदे, ता. मुळशी येथील विद्यार्थी शिबिरात केलेले भाषण)





ज्ञानकोशातील नोंद कशी तपासावी व कशी सुधारावी, या विषयावर मी दोन शब्द बोलावे अशी संयोजकांची आज्ञा आहे. विषय कोरडा आहे हे मी जाणतो. परंतु तुमच्यापैकीच चार मुलांनी मला एक चांगले निमित्त दिले आहे. मुक्त ज्ञानकोशासाठी त्यांनी १९४० च्या रोव्हर्स करंडकाच्या अंतिम सामन्यावर नोंद लिहिली आणि ती तपासावयास माझ्या हाती दिली. मुक्त ज्ञानकोश म्हणजे ज्यात कोणाही वाचकाला लिहिता येते आणि दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्तही करता येते, असा कोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश तयार झाला, तेव्हा नोंदीवर संपादकांची नजर फिरल्याशिवाय ती छापखान्यात जात नसे. मुक्त कोशात ती नजर आपणच ठेवावयाची असते.

आता नोंदीचे पहिलेच वाक्य ऐका. "कूपरेज मैदानावर एक लाख प्रेक्षकांसमोर कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंगने शत्रुपक्षाची धूळधाण उडवून रोव्हर्स करंडक जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळविला."

वाक्य जोरकस आहे. भाषणात टाळ्या घेईल. पण लाल पेन्सिल हाती घेतली तर त्यातले फारच थोडे शिल्लक राहते.

धूळधाण या शब्दापासून सुरुवात करू. सामन्याचा निकाल होता १-०. एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात धूळधाण कोणाची उडाली? निकाल लिहिला की वाचकाला सामना चुरशीचा झाला हे आपोआप समजते.

मग एक लाख प्रेक्षक. ज्याने मुंबईचे कूपरेज एकदा पाहिले आहे त्याला हसू येईल. एक लाख माणसे तेथे उभीसुद्धा राहू शकणार नाहीत. इब्न खल्दून याने आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथाच्या आरंभीच इतिहासकारांची हीच खोड दाखविली आहे. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाख माणसे होती, असे मसूदीने लिहून ठेवले होते. इब्न खल्दून विचारतो, एवढे सैन्य रणांगणावर मांडावयाचे कसे? एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणार कसे? सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आपण कूपरेजला विचारला असता तर आकडा तेथेच गळून पडला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. "पहिला भारतीय संघ" हे शब्द चुकीचे आहेत, आणि ही चूक कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. चांदे आणि नांदे ही नावे येथे जोडीने घेतली जातात, आणि नवखा माणूस एकाऐवजी दुसऱ्या गावी उतरतो. तसेच येथे झाले. महामेडन स्पोर्टिंगने १९४० साली दोन मोठे करंडक जिंकले. एक मुंबईचा रोव्हर्स, दुसरा ड्युरँड. ड्युरँड स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याला सुरू झाली आणि १९४० मध्ये ती दिल्लीत भरली. तेथे अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून महामेडन हा ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय नागरी संघ ठरला. एक लाख प्रेक्षकांचा आकडाही त्या दिल्लीच्या सामन्याबद्दल सांगितला जातो. मुलांनी ड्युरँडचा मान आणि ड्युरँडची गर्दी, दोन्ही उचलून रोव्हर्समध्ये आणून ठेवली.

मग रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ कोणता? बंगलोर मुस्लिम्स. साल १९३७. अंतिम सामन्यात त्यांनी १-० असे हरविले ते याच महामेडन स्पोर्टिंगला. पुढच्या वर्षी आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या गोऱ्या पलटणीला ३-२ ने नमवून त्यांनी करंडक पुन्हा नेला. आणि १९४० च्या अंतिम सामन्यात महामेडनच्या समोर कोण उभे होते? तेच बंगलोर मुस्लिम्स! म्हणजे ज्यांचा मान होता त्यांनाच आपल्या नोंदीने शत्रुपक्ष म्हटले, आणि त्यांचे नावसुद्धा पहिल्या वाक्यात घेतले नाही.

मी हे दाखविले तेव्हा एका मुलाने मला विचारले, "सर, दोन्ही संघ आपलेच ना? मग पहिला कोणीही असला तरी काय बिघडते?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून येथे सर्वांसमोर उत्तर देतो. महामेडनचे नाव देशभर गाजले. १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा तो संघ. त्याला उसन्या मानाची गरज नाही. बंगलोरच्या खेळाडूंची आठवण मात्र आज फारच थोड्यांना आहे. ती ओळ त्यांच्याकडून काढून घेतली तर त्यांच्याजवळ काय उरले? शिवाय रोव्हर्सविषयीचे विधान खोटे आहे हे ज्या वाचकाला कळेल, तो ड्युरँडविषयीच्या खऱ्या विधानावरही विश्वास ठेवणार नाही. आपल्या मुहद्दिसांनी हदीस स्वीकारताना सांगणाऱ्याची साखळी तपासली. माणूस आपला आहे एवढ्यावर त्याची रिवायत मान्य केली नाही.

नोंदीत काय घालावे तेही सांगतो. रोव्हर्स स्पर्धा १८९१ ची. महामेडन क्लबची स्थापनाही त्याच वर्षीची. अनेक वर्षे हा करंडक गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. हे सांगितले म्हणजे १९३७ चे मोल वाचकाला समजेल. संघांची नावे जमातीवरून का, हेही आजच्या मुलाला सांगावे लागेल. त्या काळी मुंबईत क्रिकेटची पंचरंगी स्पर्धादेखील हिंदू, मुस्लिम, पारशी अशा संघांत खेळली जाई. त्याची लाज नको आणि फुशारकीही नको. दोन ओळींत सांगून पुढे जावे. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स जिंकणारा हैदराबाद पोलीस संघ व त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा उल्लेख शेवटी आला तर उत्तम. रहीमसाहेब व्यवसायाने शिक्षक होते, हे मी शिक्षकांच्या देखत मुद्दाम सांगतो!

पहिले वाक्य आम्ही पाचजणांनी बसून पुन्हा लिहिले: "१९४० च्या रोव्हर्स करंडकाच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या महामेडन स्पोर्टिंगने १९३७ व १९३८ चे विजेते बंगलोर मुस्लिम्स यांचा १-० असा पराभव केला." टाळ्या पडणार नाहीत. गोल कोणी केला, याविषयी एकाने आजोबांकडून ऐकलेले नाव लिहिले होते. ते तूर्त काढून ठेवले आहे. सुट्टीत त्यांच्यापैकी दोघे मुंबईला जाणार आहेत; ग्रंथालयात 'बॉम्बे क्रॉनिकल' आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे त्या वर्षीचे जुने अंक पाहून, तारीख टिपून घेऊन येतील. नाव तेच निघाले तर आजोबांना पहिली बातमी द्यावयाची, असे ठरले आहे.

खुदा हाफिज.