मी वाचलेली चार पुस्तके
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकांवर मी काय बोलणार? पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "जे आवडले ते सांग." म्हणून उभी राहिले आहे. रोवणी आटोपल्यावर दुपारी मिळालेल्या वेळात मी चार पुस्तके वाचली.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. वडिलांच्या कडक सोवळ्याची हकीकत वाचताना मी एकटीच हसत सुटले. पुढे 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हाचे त्यांचे दुःख वाचून डोळे भरले. पण बाई कुठेही रडगाणे गात नाहीत. शाळेत न गेलेल्या बाईने असे लिहावे, याचे मला नवल वाटले.

दुसरे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. 1970 सालचे हे पुस्तक. माप वाटी-चमच्याचे, त्यामुळे आपल्यासारखीला तराजू लागत नाही. मी त्यातली एक वडी केली, ती पाकात फसली! दोष माझा, वाचता वाचता पाक पुढे गेला. दुसऱ्यांदा मात्र साधली.

तिसरे मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा'. हे वनाधिकारी आपल्याच जिल्ह्यात नवेगाव बांधला राहिले. 2025 साली ते गेले. रानातल्या माणसांजवळ बसून ते शिकले. मोह वेचायला आपण रोज ज्या रानात जातो, ते मी या पुस्तकानंतर थांबून पाहू लागले.

चौथे बहिणाबाईंची गाणी. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी ती गाणी उतरवून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली पुस्तक निघाले.

हे वाचून मात्र मला रात्रभर झोप आली नाही. आमच्या सासूबाई रोवणीच्या वेळी बांधीत एकामागून एक गोंडी गाणी म्हणत. मी मागे उभी राहून परहे लावी आणि नुसता सूर धरी. मला लिहिता येत होते. घरात मुलांच्या वह्या होत्या. पण मी एकही गाणे उतरवले नाही. आता सासूबाई नाहीत. दोन गाण्यांचे मुखडे तेवढे आठवतात. पुढचे काही केल्या आठवत नाही.

भगिनींनो, माघी पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत दूरदूरचे लोक येतात, म्हाताऱ्या आयाबाया गातात. आपल्या गावातही अशा आजी अजून आहेत. मंडळाने एक जाड वही घ्यावी. ज्यांना अक्षर येते त्यांनी दर शनिवारी एका आजीजवळ बसावे आणि तिचे गाणे तिच्याच बोलीत, तिच्या नावासह लिहावे. पहिले पान मी लिहीन. त्यावर ते दोन अर्धवट मुखडे असतील. कुणाला पुढचे येत असेल तर सांगा.