किती फुटी लेथ घेऊ? आधी काठवट मोजा!

घरच्या वर्कशॉपबद्दल बोलायला लागल्यापासून एक प्रश्न फिरून फिरून येतोय. नांदेडहून येतो, लातूरहून येतो, उदगीर-अहमदपूरकडूनही येतो. "दादा, लाकडासाठी फुल साइज लेथ घ्यायचंय. किती फुटी घेऊ?"

आता बघा, हा 'किती फुटी' शब्द आपल्याकडे आला लोखंडाच्या लेथवरून. एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, चार फुटी, सहा फुटी असंच बोलतात. राजकोट किंवा बटाल्याचं मशीन विकणाराही तेच सांगतो. पण तो आकडा बेडच्या लांबीचा असतो. त्या लांबीत हेडस्टॉक बसतो, टेलस्टॉक बसतो, आणि उरलेल्या जागेत तुमचं लाकूड. म्हणजे चार फुटी लेथवर चार फुटांचा दांडा बसत नाही. विचारायचं ते हे: दोन सेंटरच्या मध्ये किती जागा मिळते?

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाकडाच्या कामात लांबीपेक्षा रुंदी जास्त अडवते. लाटणं घ्या. दीड फूट लांब, दोन इंच जाड. रवी, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, सगळं लांबट. हे छोट्या लेथवरही होतं. पण आपल्या घरातली काठवट आठवा. ज्वारीचं पीठ मळायची, चांगली ऐसपैस. १४ इंचांची काठवट फिरवायची तर बेडपासून सेंटरची उंची ७ इंचांपेक्षा जास्तच लागते. या उंचीच्या दुप्पट म्हणजे 'स्विंग'. विकणारा '६ इंच सेंटर' म्हणाला तर समजायचं, १२ इंचांच्या वर काही फिरणार नाही. काठवटीसाठी ८ इंच सेंटर, म्हणजे १६ इंच स्विंग बघा. माझ्या हिशोबात फुल साइज लेथ इथून सुरू होतं.

तुम्हाला फक्त लाटणी, रव्या, पेन, छोट्या वाट्या करायच्या असतील तर १० किंवा १२ इंच स्विंगचं टेबलावरचं लेथ पुरतं. खरंच पुरतं. उरलेल्या पैशांत चांगली हत्यारं घ्या. कोणाच्या रीलमध्ये मोठं मशीन दिसलं म्हणून साठवलेले पैसे त्यात घालू नका.

पण काठवट करायचीच आहे म्हणता? मग दुसरा प्रश्न विचारा: सगळ्यात कमी स्पीड किती? बहुतेक जण जास्तीत जास्त स्पीड विचारतात. हिशोब सोपा आहे. लाकडाचा व्यास इंचात घ्या. ६००० ला त्याने भागा, मग ९००० ला भागा. तुमचा आरपीएम या दोन उत्तरांच्या मध्ये हवा. १२ इंचांच्या लाकडाला ५०० ते ७५०. ओबडधोबड, एका बाजूला जड असलेलं लाकूड असेल तर त्याच्याही खाली.

असं का, ते ऐका. १२ इंचांचं लाकूड ५०० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी २९ किलोमीटरच्या आसपास पळते. तेच ३००० ला नेलं तर ताशी १७२! आणि १४ इंच रुंद, ४ इंच जाड बाभळीचा गोल ठोकळा कोरडा असला तरी ८ किलोच्या घरात जातो, ओला असेल तर आणखी जड. तो चकमधून सुटला तर काय होईल, हे मी सांगायला नको. काही जण मोटर थेट स्पिंडलला जोडून जुगाड करतात. चार पोलची साधी मोटर १४४० आरपीएमला फिरते. लाटण्याला ठीक आहे, काठवटीला अजिबात नाही. पुलीच्या पायऱ्या हव्यात, किंवा स्पीड कंट्रोल हवा.

तिसरी गोष्ट, वजन. टेबलावरचं लेथ साधारण ३०-४५ किलोचं असतं, १६ इंची चांगलं लेथ दीडशे-दोनशे किलोचं. हे वजन फुकट नाही जात. डगमगतं लाकूड तेच दाबून धरतं. म्हणून मशीन तळमजल्यावर, सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर ठेवा, वरच्या खोलीत स्लॅबवर नको. हलकं वाटलं तर खालच्या स्टँडवर वाळूची पोती ठेवा.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. लाइट! मोठ्या लेथला दीड-दोन एचपीची मोटर असते. घरात सिंगल फेज असेल आणि मशीन थ्री फेज असेल तर ते आणून ठेवायचं कुठं? यावर उपाय आहे. व्हीएफडी नावाचा डबा मिळतो. तो सिंगल फेज घेतो आणि मोटरला थ्री फेज देतो, स्पीडही कमी-जास्त होतं. पण मोटरच्या पाटीवर २३० आणि ४१५, दोन्ही व्होल्टेज लिहिलेले हवेत, आणि जोडणी डेल्टामध्ये हवी. फक्त ४१५ लिहिलं असेल तर थांबा, वायरमनला दाखवा. आणि व्हीएफडी आहे म्हणून पुली नको, असं करू नका. खूप हळू फिरवली की मोटरची ताकद कमी पडते, तिचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते.

मशीनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि नीट अर्थिंग द्या. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्या वेळी मोठं काम लावू नका. आणि गावाकडच्या मित्रांनो, शेतात थ्री फेज आहे म्हणून लेथ तिकडं नेऊ नका. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणं नियमात बसत नाही. शिवाय ती लाइट ठरलेल्या तासांनाच येते.

चौथी गोष्ट छोटी वाटते, पण पुढं खिशाला लागते. स्पिंडलचे आटे. चक, फेसप्लेट सगळं त्या आट्यांवर बसतं. एम ३३ किंवा सव्वा इंच ८ टीपीआय असे चालू मापाचे आटे असतील तर चक कुठूनही मागवता येतो. विकणाऱ्याने स्वतःच्या मनाचे आटे पाडले असतील तर जन्मभर त्याच्याकडंच जा. टेलस्टॉकला मोर्स टेपर २ आहे का, तेही विचारा.

बघायला जाताना टेप घेऊन जा. दोन्ही सेंटर जवळ आणा, टोकाला टोक भिडलं पाहिजे. स्पिंडल हाताने हलवून बघा, खेळ नको. मशीन चालू करून हेडस्टॉकवर पाच रुपयांचं नाणं उभं करा. पडलं तर का पडलं ते विचारा. जुनं लोखंडाचं लेथ स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. लाकडाचा भुसा तेलकट बेडवर बसतो आणि त्याची कणीक होते!

सगळे पैसे मशीनवर घालू नका. मी तर म्हणेन, तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. चक, दोन-तीन गाऊज, धार लावायला ग्राइंडर आणि तोंडावर फेस शिल्ड. बोथट हत्यार आणि महागडं लेथ, यातून काही होत नाही.

लाकडाची आपल्याला कमी नाही. बाभूळ आहे, लिंब आहे, चिंच आहे. किनवटचा साग आहे, पण तो रीतसर वखारीतूनच घ्या. झाड तोडायचं, लाकूड न्यायचं तर परवानगीचं आधी वनखात्यात विचारा. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर सोनंच, फक्त आधी लोहचुंबक फिरवा. आत खिळे असतात.

आणि शेवटचं, हे कानात साठवून ठेवा. लेथवर हातमोजे नाहीत. ओढणी नाही, लोंबती बाही नाही, मोकळे केस नाहीत, मनगटात धागा नाही. नांदेडच्या आपल्या शीख मित्रांनो, कडं उतरवायचं नसेल तर ते घट्ट बाहीखाली पूर्ण झाकून घ्या. फिरतं लाकूड कापड धरतं तेव्हा हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही.

तर आज एवढंच करा. पुढच्या वर्षभरात करायच्या तीन वस्तू कागदावर लिहा आणि प्रत्येकीची लांबी-रुंदी मोजा. मग घरचा मीटर सिंगल फेज आहे की थ्री फेज, ते बघा. हे दोन कागद हातात असले की विकणाऱ्याशी बोलायला भीती वाटणार नाही. तुमची तीन वस्तूंची यादी मला पाठवा. पुढच्या भागात चक आणि धार यावर बोलू. तोवर काळजी घ्या, भेटू!