परदेशातील रविवार



आज आम्हांला लंडनमधील शिक्षणावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. तेथे काय शिकवितात याची माहितीपत्रके आता घरबसल्या मिळतात. म्हणून सोमवार ते शुक्रवारचे लंडन बाजूस ठेवून आम्ही शनिवार-रविवारचे तेवढे सांगणार आहोत. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची अवघड परीक्षा त्या दोन दिवसांत असते, आणि त्या परीक्षेत आम्ही प्रथम नापास झालो होतो.

२०१७ च्या सप्टेंबरात आम्ही एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी लंडनला गेलो. वडील येथल्याच एका कारखान्यात पाळीने काम करीत. राहते घर तारण ठेवून त्यांनी बँकेचे कर्ज काढले होते आणि त्याचे व्याज दरमहा भरावे लागे. निघताना स्टेशनवर ते एवढेच म्हणाले, “इकडची काळजी करू नकोस.” आम्हीही म्हणालो, “तिकडची करू नका.” दोघांनीही तेव्हापासूनच खोटे बोलायला सुरुवात केली होती, असे आता वाटते.

लंडनचा पहिला रविवार आम्हांला खायला उठला. शुक्रवारी संध्याकाळी वर्ग सुटला की जो तो आपल्या वाटेने जातो. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तो मोठे दुकान बंद! तेथील १९९४ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडे राहता येते. रस्ता ओला, माणूस दिसेना. आपल्याकडे एकटे राहावे म्हटले तरी शेजारी राहू देत नाहीत. तेथे दोन दिवस कोणाशी शब्द न बोलता सहज निघतात.

मग आम्ही त्यावर उपाय काढला. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्यास २० तास काम करण्याची मुभा तेथे असते. एका खाणावळीत भांडी घासण्याचे काम मिळाले. शनिवारी १० तास, रविवारी १० तास. हिशेब कायद्यात चपखल बसला, आणि खोलीचे भाडेही सुटू लागले. कामाची लाज मुळीच वाटली नाही. पण घरी मात्र “रविवारी ग्रंथालयात असतो” असे सांगत राहिलो. सोमवारी वर्गात डोळे मिटू लागत. समोर प्राध्यापक बोलत असत आणि आमच्या कानांत ताटल्या वाजत असत.

असे चालले असता कार्तिकी एकादशी आली. आपल्या विठोबाची यात्रा आमच्या घरी कशी साजरी होते हे निराळे सांगायला नको. यात्रेतला एक रविवार वडिलांचा ठरलेला. आईला घेऊन दर्शन, मग सुक्या मासळीचा बाजार, आणि परतताना हातात बोंबलांची जुडी. त्या रविवारी आम्ही खाणावळीच्या मागल्या दाराशी उभे राहून घरी फोन लावला. तेथे दुपारचे साडेतीन, येथे रात्रीचे नऊ. आईने उचलला.

“यात्रेला जाऊन आलात का?” आम्ही विचारले.

“मी शेजारणीबरोबर गेले होते. तुझे बाबा रविवारी घरी असतात कुठे आता! दुसऱ्या पाळीला गेलेत.” एवढे बोलून ती एकदम थांबली. जे सांगायचे नव्हते ते तोंडून निघून गेले होते. क्षणभराने तिनेच विचारले, “अरे, पण तुझ्या ग्रंथालयात भांड्यांचा आवाज कसला रे?”

मित्रहो, व्याज भरण्यासाठी वडील आठवड्याची सुटी कामावर काढीत होते आणि भाडे भरण्यासाठी आम्ही आमची. बाप लेकापासून लपवीत होता, लेक बापापासून. कर्ज घराच्या कागदांवर काढले होते. फेड मात्र दोन माणसांच्या रविवारांतून चालली होती, आणि तो आकडा बँकेच्या कोणत्याही कागदावर नव्हता.

पुढच्या रविवारी वडिलांशी मोकळेपणाने बोलणे झाले. रागावले नाहीत. म्हणाले, “भांडी घासायला तिकडे कशाला पाठवायला हवे होते? जे इथे मिळत नाही ते बघून ये.” मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. आम्ही खोलीत भागीदार घेतला आणि काम शनिवारपुरते ठेवले. वडिलांनी महिन्यातले दोन रविवार घरी राहण्याचे कबूल केले. रविवारी आम्ही जे पाहू ते रात्री त्यांना फोनवर सांगायचे, असेही ठरले.

तेथून आमचे दुसरे शिक्षण सुरू झाले. ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांसाठी खुले आहे आणि प्रवेशाला पैसा लागत नाही. तेथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहिली. वडिलांनी विचारले, “आपल्या विदर्भातली का?” म्हटले, “नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची.” त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न, “मग तिथे कशी?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे तीन रविवार गेले.

हाइड पार्कच्या एका कोपऱ्यात रविवारी कोणीही खोक्यावर उभा राहून भाषण करतो आणि ऐकणारे त्याला भर भाषणात अडवितात. १८७२ च्या कायद्याने या प्रथेला आधार मिळाला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांनी. हे कळल्यावर त्या गर्दीत आम्हांला परके वाटेनासे झाले.

एका रविवारी किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरापुढे जाऊन उभे राहिलो. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत असत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. बाबासाहेब प्रथम १९१६ साली लंडनला आले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा जाऊ शकले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. कर्ज त्यांच्याही डोक्यावर होते. त्यांनी खर्च आवळला आणि वेळ ग्रंथालयाला दिला. त्या दाराशी उभे असता आमचे शिकायला येऊन हरवलेले रविवार आम्हांला एकेक आठवले.

समोर कारखान्यांतले पुष्कळ बंधू बसले आहेत, म्हणून आणखी एक नाव घेतो. आपल्या देशातील गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र करून तिच्यासाठी झगडा केला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. एवढ्या कष्टाने मिळविलेला दिवस आमच्या घरात दोघांनी गुपचूप विकून टाकला होता.

आज या पंचक्रोशीतली मुले परदेशी निघाली आहेत. त्यांनी जरूर जावे, हाताने कामही करावे. पण कर्ज काढताना घरातल्या सर्वांनी एकत्र बसून रविवारचाही हिशेब मांडावा. मुलांनी तिकडे चाललेले खरे कळवावे, आईबापांनी इकडचे. आणि रविवारी फोन आला की, मार्कांची चौकशी करण्याआधी एवढे विचारावे, “आज काय पाहिलेस?”

आमचे वडील आज या सभेला आले आहेत. आज रविवार आहे आणि त्यांनी सुटी घेतली आहे.