मोडलेले कडे : श्रोणीचे अस्थिभंग आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या गुरुजींनी मला याच लोधीपुऱ्यात भूमिती शिकविली. वर्तुळाचा पाठ घेताना ते एकदा घरून काचेची बांगडी घेऊन आले होते. ती त्यांनी टेबलाच्या कडेवर दाबली आणि आम्हांस तुकडे मोजावयास लावले. बांगडी एकाच ठिकाणी मोडून भागत नाही, निदान दोन ठिकाणी तरी तुटते, हे त्या दिवशी मी पाहिले. पुढे अस्थिशल्यचिकित्सेचा अभ्यास करताना श्रोणीचे प्रकरण उघडले, तेव्हा मला प्रथम ती बांगडी आठवली.

आपल्या कमरेखाली हाडांचे एक कडे असते. वैद्यकात त्याला श्रोणी म्हणतात. मागे त्रिकास्थी, दोन्ही अंगांना नितंबाची रुंद हाडे, आणि ती पुढे जेथे कूर्चेने जोडली जातात तेथे जघनास्थी. म्हातारपणी पाय घसरून जो ‘खुबा मोडतो’ तो बहुधा मांडीच्या हाडाचा वरचा भाग असतो. तो विषय निराळा. श्रोणीचे कडे तरुण माणसात सहजासहजी मोडत नाही. त्याला ट्रकची धडक, उंचावरून पडणे, उलटलेल्या गाडीखाली सापडणे असा मोठा आघात लागतो. कडे पुढे तुटले असेल तर मागेही कोठे तरी हाड वा बंध गेला आहे, असे धरूनच शोध घ्यावा लागतो. मागचे बंध शाबूत असतील तर कडे टिकून राहते. ते तुटले तर अर्धी कंबर पुस्तकाच्या पानासारखी उघडते किंवा वर सरकते. यालाच आम्ही अस्थिर भंग म्हणतो. कॅनडाचे मार्विन टाइल यांनी १९८० च्या दशकात या भंगांची अ, ब, क अशी जी वर्गवारी रूढ केली, तिचा पाया हाच आहे : अ म्हणजे स्थिर, ब म्हणजे फिरणारा, आणि क म्हणजे फिरणारा व वर सरकणाराही.

गुरुजींचा भंग या तिसऱ्या वर्गातला होता. १९७८ च्या पावसाळ्यात केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी चिखलात कलंडली आणि ते तिच्याखाली आले. आम्ही मुलांनी त्यांना बाजेवर घालून नेले. त्या काळी सर्वत्र जो उपचार होत असे तोच त्यांच्यावर झाला. कापडाच्या झोळीत कंबर टांगली, पायाला वजन लावले, आणि बारा आठवडे ते पाठीवर पडून राहिले. आम्ही पाळीपाळीने डबा नेत असू. ते उठले तेव्हा डावा पाय दीड इंच आखूड झाला होता. त्यानंतरची सारी वर्षे त्यांनी खुर्चीवर बसून, उजव्या कुशीवर भार देऊन शिकविले. फळ्यावर वर्तुळ काढण्यासाठी ते वर्गातल्या एखाद्या मुलाला बोलावीत.

या झोळीच्या उपचाराला हसण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसऱ्या अध्यायात, नडगी व मांडीच्या भंगासाठी फळीवर निजवून पाच खुंट्यांनी बांधून ठेवण्याचा ‘कपाटशयन’ विधी सांगितला आहे, आणि श्रोणीच्या व पाठीच्या कण्याच्या भंगातही तोच करावा असे म्हटले आहे. हाड स्थिर ठेवावे ही जाण तेथे स्पष्ट आहे. मात्र वर सरकलेली अर्धी श्रोणी फळीवर निजवून खाली येत नाही. ती तशीच जुळते, आणि माणूस आयुष्यभर तिरका बसतो.

पुढे उघडून शस्त्रक्रिया करण्याचा काळ आला. पोटाच्या खालून किंवा पाठीमागून लांब चीर द्यावयाची, तुकडे डोळ्यांनी पाहावयाचे, पट्टी बसवावयाची. हाड नीट बसे, पण आघाताने आधीच चेचलेली पाठीची कातडी काही रुग्णांत कुजे, जखमेत पू होई. शिवाय ओटीपोटात साकळलेल्या रक्ताचा दाब चीर देताच नाहीसा होऊन रक्तस्राव नव्याने सुरू होण्याचे भय असे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे मिल्टन राउट यांनी रुग्णाला उताणे ठेवून, कातडीला जेमतेम एक सेंटिमीटरचा छेद देऊन, नितंबाच्या हाडातून सांधा ओलांडून थेट त्रिकास्थीत स्क्रू नेण्याची रीत पक्की केली. आज आपल्याकडे जळगाव, इंदूर, पुणे, नागपूर या शहरांतून ती होते.

ही रीत बुऱ्हाणपूरच्या माणसाला समजाविणे मला सोपे जाते. लालबागचा कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिला आहे. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याचे पाणी जमिनीखालून शहराकडे आणण्यासाठी शंभराहून अधिक कुंड्या खणल्या आणि त्या खाली बोगद्याने एकमेकींना जोडल्या. वरून पाहणाऱ्याला दिसते फक्त विहिरीचे तोंड. खरे काम सुमारे ऐंशी फूट खाली, अंधारात, दिशा न चुकता झालेले आहे. आमचेही तसेच असते. स्क्रू सात मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि त्रिकास्थीतील वाट बोटाच्या रुंदीची. तिच्या खालच्या अंगाला मज्जातंतूंची छिद्रे, समोर कमरेची पाचवी मज्जामुळी आणि मोठ्या रक्तवाहिन्या. आमच्या कुंड्या म्हणजे सी-आर्म यंत्राची चित्रे. नळी पायांकडे कलवून घेतलेल्या चित्रात स्क्रू पुढे गेला की मागे ते कळते, डोक्याकडे कलवून घेतलेल्या चित्रात वर गेला की खाली ते. आणि बाजूने एक चित्र. तिन्ही एकमेकांस दुजोरा देतील तेव्हाच आधी बारीक तार पुढे सरकवावयाची, आणि तारेवरून पोकळ स्क्रू. पुढच्या बाजूसाठी असाच कातडीखालून आडवा दांडा बसविता येतो किंवा बाहेरची चौकट लावता येते.

त्यातही तार घालण्याआधी सरकलेली श्रोणी ओढून जागेवर आणावी लागते. चीर लहान ठेवण्याच्या हौसेने वाकडे हाड वाकडेच पक्के केले, तर गुरुजींची झोळी परवडली. पहिल्या आठवड्यात हे ओढणे बहुधा जमते. दोन-तीन आठवडे उलटले की हाड ऐकत नाही, आणि मग मोठी चीर देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हल्ली ‘डॉक्टर, टाका न घालता होईल ना?’ असे नातेवाईक विचारतात. छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया लहान नसते, हे त्यांना पटविण्यात माझा बराच वेळ जातो.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो. यंत्रमागावर काम करणारा एक तरुण जिन्याच्या बांधकामावरून पडून आला होता. आतड्यांतील वायूमुळे बाजूचे चित्र धूसर येत होते. पहिली दोन चित्रे मनासारखी दिसली, आणि मी तिसऱ्याचा आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पायाचा अंगठा वर उचलता येईना. स्क्रू हाडाच्या पुढून बाहेर डोकावून मज्जामुळीला टेकला होता. त्याच दिवशी मी तो काढला आणि दुसऱ्या वाटेने बसविला. चूक माझी आहे, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना खाटेशी बसून सांगितले. दहा महिन्यांत बरीच शक्ती परतली. सगळी परतली नाही. तो आजही मागावर उभा राहतो, चालताना त्याची चप्पल किंचित घासते, आणि बाजूचे चित्र स्पष्ट येईपर्यंत मी आता तार पुढे सरकवीत नाही, मग रात्रीचे दोन वाजोत.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला तिकडे येतो. अशा भंगात माणूस दगावतो तो बहुधा रक्तस्रावाने. रक्त बाहेर दिसत नाही. ते मुख्यतः नीलांच्या जाळ्यातून आणि मोडलेल्या हाडाच्या तोंडांतून ओटीपोटात साचते, आणि उघडलेल्या कड्यात कित्येक लिटर मावते. म्हणजे इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रक उलटल्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंतच्या वेळात माझ्या कौशल्याचा काडीचाही उपयोग नसतो. उपयोग असतो तो जवळ उभ्या असलेल्या माणसाचा. काही वर्षांपूर्वी केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक बाई माझ्याकडे आली. त्यांची गाडी उलटली होती. वाटेतल्या गावच्या कंपाउंडरने तिचे खुबे लुगड्याने आवळून बांधले होते आणि दोन्ही पाय एकत्र बांधून फळीवर निजविले होते. तिची नाडी हाताला लागत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही मागून दोन स्क्रू घातले, चौथ्या दिवशी ती खाटेवर उठून बसली. तिने पहिला प्रश्न केला तो मूल होण्याविषयी. अशा स्क्रूंमुळे बाळंतपणाला सहसा अडथळा येत नाही, हे मी तिला सांगितले. त्या कंपाउंडरला मी नंतर भेटून आलो.

बांधण्यात नेहमी होणारी चूक म्हणजे कापड कमरेला, नाडीच्या जागी बांधणे. ते खाली हवे : मांडीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी वर, जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरून. जखमीला उठवून बसवू नये, कुशीवर लोळवू नये, मोडले आहे की नाही हे पाहण्यासाठी कंबर दाबून हलवू नये. मूत्रमार्गातून रक्त येत असेल तर नळी घालण्याची घाई करू नये. पोलिसांच्या भीतीने दूर उभे राहण्याचेही आता कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी मला त्यांची जुनी क्ष-किरण पट्टी दिली. डावी बाजू दोन बोटे वर सरकलेली तिच्यात स्पष्ट दिसते. मी ती माझ्या विद्यार्थ्यांना दाखवितो आणि स्क्रू कोठून न्याल ते पेन्सिलीने आखा म्हणतो. नाव सांगत नाही.

व्यासपीठाच्या उजव्या अंगाला एक चादर आणि दोन काठ्या ठेविल्या आहेत. चहाच्या आधी, वरच्या वर्गांतल्या मुलांनी आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर वा मालगाडी आहे अशा मंडळींनी तेथे थांबावे. खुबे कोठे आणि किती घट्ट बांधावयाचे ते मी दाखवितो, आणि प्रत्येकाकडून एकदा बांधून घेतो. एक मुलगा निजावयास तयार झाला आहे, त्याचे आभार.